तळ्यावरची दोन कुलुपं

१

फोन आला तेव्हा पिपेटबाईंच्या तोंडात टूथब्रश होता.

"मावशी, मासे मेले गं! बांधाच्या कडेला नुसता खच पडलाय. पहारेकऱ्याने आत्ता कळवलं. मी घरातून निघतेच आहे. कुणीतरी विष कालवलंय, दुसरं काही नाही. ब्लोअर चालूच आहे, म्हणजे हवेचा प्रश्न येतच नाही. तू ये. आत्ताच्या आत्ता ये!"

"आलेच" म्हणायला तोंड रिकामं होईपर्यंत भाचीने फोन ठेवलाही होता.

पिपेटबाई महापालिकेच्या पाणी प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. बोलायच्या त्या थेंबाथेंबाने, मोजून. त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे पिपेटबाई म्हणत आणि त्यांना हे कळलेलं नाही अशा समजात सुखाने राहत. आज मात्र त्यांनी चपला उलटसुलट घातल्या, त्या सरळ केल्या, ऑक्सिजन मीटरची पेटी उचलली आणि जिना अक्षरशः धावत उतरल्या.

कारण ते तळं साधं नव्हतं. वर्षभरापूर्वी तिथे नाक दाबूनच जावं लागे. हिरवं, दाट, बुडबुडे सोडणारं पाणी. महापालिका शेवाळावर औषध फवारून थकली होती. मग भाचीच्या संस्थेशी करार झाला. जागा, वीज आणि पहारा महापालिकेचा. तरंगते वाफे, त्यावरच्या वनस्पती, तळाशी हवा सोडणारं ब्लोअरचं यंत्र आणि डोकं संस्थेचं. निवड समितीच्या बैठकीला पिपेटबाई मुद्दाम गेल्या नव्हत्या. तळं हळूहळू उजळत गेलं. मासे वाढले, बगळे आले, लोक पुन्हा काठावर फिरू लागले. आणि आज, नेमक्या आजच, शहरातली बाकीची तळीही याच संस्थेकडे सोपवण्याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या.

रिक्षात बसल्या बसल्या त्यांना एकदा वाटलं, भाचीच्या बोलण्यात काहीतरी खटकलं. काय ते मात्र ध्यानात येईना.

२

तळ्याकाठी मंच सजलेला होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि खुर्च्यांत कोणीच बसलेलं नव्हतं. सगळा जमाव बांधाकडे तोंड करून उभा होता. महापौरबाई माइकवरून काहीतरी सांगत होत्या. मंचामागच्या शेडमधून ब्लोअरची घरघर इतकी जोरात येत होती की त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत. शेवटी त्यांनी माइक ठेवला, खुर्चीवर चढल्या आणि तोंडाभोवती हात धरून ओरडल्या, "पाण्याला हात लावू नका! मुलांना मागे घ्या!"

ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

खाली उतरून त्या पिपेटबाईंकडे आल्या. "विष आहे की नाही, हे कधी कळेल?"

"दोन दिवस लागतील."

"दोन दिवस हे पाणी मी इथे ठेवू शकत नाही. पलीकडे शाळा आहे. आरोग्य अधिकारी म्हणतायत, बांधाचा दरवाजा उघडा आणि तळं रिकामं करा. त्यांचं मला पटतंय."

"रिकामं केलंत तर जे जिवंत आहे तेही जाईल."

"मग मला दुपारच्या आत सांगा की विष नाही. नुसतं 'नाही' म्हणू नका. मासे कशाने मेले आणि कुणामुळे मेले, दोन्ही सांगा. नाहीतर दरवाजाही उघडेल आणि संस्थेचा करारही संपेल. जुनाही आणि नवाही."

"मी तिची मावशी आहे," पिपेटबाई म्हणाल्या. "मला कशाला विचारता?"

"मावशी असून तुम्ही गेल्या वर्षी दोनदा तिच्या पाण्याचा नमुना नापास केलात. मी विसरले नाहीये."

एवढ्यात शेडमागे गलका झाला. तीन-चार जणांनी एका जाडजूड माणसाला दंडाला धरून पुढे आणलं. त्याच्या हातात निळा ड्रम होता, आणि तो ड्रम तो काही केल्या सोडत नव्हता.

"हाच तो!" कुणीतरी ओरडलं. "काल संध्याकाळीही इथेच घुटमळत होता! यानेच विष टाकलं!"

३

तो फवारणीशेठ होता. तळ्यावर औषध फवारायचं काम पूर्वी त्याच्याकडे होतं, ते या करारामुळे गेलं होतं. त्याला पहारेकऱ्याच्या खोलीत बसवलं, बाहेरून कडी लावली, आणि लोकांना वाटलं झालं, चोर सापडला.

पिपेटबाई मात्र बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. भाची शेजारी उभी होती. समारंभासाठी नेसलेली नवी साडी चिखलाने भरली होती आणि डोळे लाल झाले होते.

"बघतेस काय एवढं, मावशी? मेलेत ते!"

"कोण मेलेत ते बघतेय."

सगळे मोठे मासे होते. हातभर लांबीचे, रुंद अंगाचे. एकही पिल्लू नव्हतं. बाई उठल्या आणि काठाने चालत नाल्याचं पाणी तळ्यात पडतं तिथपर्यंत गेल्या. तिथे पाण्याच्या वरच्या थरात बोटाएवढ्या पिल्लांची दाटी होती. तोंडं वर काढून ती उघडमीट करत होती. शेजारच्या पाणकणसांच्या देठांवर गोगलगायी पाण्यातून बाहेर निघून थेट वर चढून बसल्या होत्या.

"विषाने आधी कोण मरतं?" त्यांनी विचारलं.

भाचीने पिल्लांच्या दाटीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पिल्लं."

"आणि हवा संपली तर?"

"मोठे. त्यांना जास्त लागते."

"हं. पिल्लांना वरच्या पातळ थरावर भागवता येतं. गोगलगाय तर सरळ घर सोडून वर जाते." बाईंनी मीटरची काडी पाण्यात सोडली. बांधाजवळ आकडा जेमतेम हलला. मग त्या ब्लोअरच्या बुडबुड्यांपाशी गेल्या. तिथे तो बराच वर चढला. "ही विषबाधा नाही. हे मासे गुदमरलेत. दिवसा तुझ्या वनस्पती आणि शेवाळ हवा देतात, रात्री तीच हवा तेही खातात. पहाटे ती सगळ्यात कमी असते. म्हणून तर रात्री ब्लोअर लागतो."

"पण ब्लोअर चालू आहे ना, मावशी!" भाचीचा आवाज चिरकला. "ऐकू येत नाही का तुला?"

येत होता. तळ्यावर दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

"रात्रभर चालला असता तर चांगल्या पाण्याचा पट्टा बांधापर्यंत पसरला असता," पिपेटबाई म्हणाल्या. "तो बुडबुड्यांभोवती एवढासाच आहे. हे यंत्र थोड्या वेळापूर्वीच सुरू झालंय."

भाचीने मान हलवली, जोरजोरात. "शक्यच नाही. पेटीवर दोन कुलुपं आहेत."

४

दोन कुलुपांची गोष्ट शहरभर प्रसिद्ध होती. करार करताना महापालिका म्हणाली, वीज आमची, स्विच आमच्या ताब्यात. संस्था म्हणाली, यंत्र आमचं, स्विच आमच्या ताब्यात. यावर बैठकांमागून बैठका झाल्या. अखेर कलम घातलं गेलं: स्विचच्या पेटीला दोन कुलुपं असतील, एक महापालिकेचं, एक संस्थेचं. कुणीही एकट्याने हात लावायचा नाही. महापालिकेची किल्ली उद्यान अधीक्षकांकडे, संस्थेची भाचीकडे.

म्हणजे यंत्र बंद झालं असेल तर दोघांनी मिळून केलं. आणि ही दोघं मिळून साधा फोटोसुद्धा काढून घेत नसत.

वीज गेली होती का? पहारेकऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की काठावरचे दिवे रात्रभर जळत होते, आणि दिव्यांची आणि यंत्राची तार एकच. यंत्राची घरघर मात्र त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती रात्री होती की नव्हती, हे त्याला सांगता येईना. बरं, हे यंत्र एकदा थांबलं की आपोआप सुरूही होत नसे.

पिपेटबाई आधी फवारणीशेठकडे गेल्या. तो बाकावर ड्रम मांडीवर घेऊन बसला होता.

"काय आहे ड्रममध्ये?"

"हवा." त्याने झाकण उघडून ड्रम उलटा केला. आत कोळ्याच्या कोरड्या जाळ्याशिवाय काही नव्हतं. "माझे चार ड्रम त्या शेडमागे पडलेत वर्षभर. आज पाहुणे येणार, भंगार उचला, असा निरोप अधीक्षकसाहेबांनीच धाडला. काल तीन नेले, आज चौथा न्यायला आलो तर हे स्वागत! चहा तरी सांगा कुणाला."

"तुमचं काम गेलं. राग नाही?"

"राग आहे की. भरपूर आहे. पण बाई, मला तळं मारायचं असतं तर जुनं काम काय वाईट होतं?" तो स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला. "काल मात्र मजा आली. मी ड्रम लोटतोय आणि मंचावर अधीक्षकसाहेब माइक धरून गातायत!"

"गातायत?"

"चांगलं गातात हो. मी उभं राहून ऐकलं."

अधीक्षक खुर्च्यांच्या रांगा पुन्हा सरळ करत होते. खुर्च्या सरळ होत्याच. मिशा एरवी टोकदार, आज खाली आलेल्या.

"साहेब, काल संध्याकाळी तुम्ही इथे होतात?"

"होतो ना. माइकची तपासणी केली. अहो, इतका स्वच्छ आवाज! मी मंचावरून कुजबुजलो तरी शेवटच्या खुर्चीवरच्या माळ्याला ऐकू गेलं. आणि आज हे असं." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी सांगतो, संस्थेच्या त्या वाफ्यांमध्येच काहीतरी सडलं असणार. आमच्या लोकांनी यंत्राला बोटही लावलेलं नाही. तसं लावताच येत नाही. दोन कुलुपं आहेत."

"तुमची किल्ली?"

त्यांनी खिशातून जुडगा काढून दाखवला. "कायम माझ्याजवळ. पहाटेपासून मी महापौरबाईंच्या घरी होतो, पाहुण्यांच्या गाड्या लावायला. विचारा त्यांना."

पिपेटबाईंनी विचारलं. ते खरं होतं.

बांधावर आता दरवाजाचं चाक फिरवणारा माणूस येऊन उभा राहिला होता. चाकाला तेल घालत होता. ऊन वर चढत होतं. आणि पिपेटबाईंच्या हातात काय होतं, तर यंत्र बंद पडलं होतं ही खात्री आणि ते बंद पडणं अशक्य आहे ही सगळ्यांची साक्ष.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून घरघरीच्याही वर एक चिडकी आरोळी आली. "अहो, मीटरवाल्या बाई! जरा बाजूला सरा. माझा मनोरा झाकताय तुम्ही!"

५

पलीकडे घडीच्या स्टुलावर एक म्हातारी बसली होती. पुढ्यात चित्राची पाटी, कानामागे ब्रश. आयुष्यभर या भागातल्या लोकांचे दात काढून निवृत्त झालेल्या त्या डॉक्टर, सगळ्यांच्या दातांच्या काकू. रोज उजाडताना येऊन तळं रंगवायच्या.

"काकू, तुम्ही केव्हापासून इथे?"

"उजाडायच्या आधीपासून. आणि मला मासे-बिसे विचारू नकोस. बांध त्या झाडांच्या आड आहे. मी फक्त मनोरा बघते. तोंड उघड."

"काय?"

"सवय गं. इकडे बघ."

चित्रात पलीकडचा घड्याळाचा मनोरा होता, आणि त्याच्या खाली, पाण्यात, दुसरा मनोरा. उलटा, रेषेला रेष जुळलेला. घड्याळाचे काटेसुद्धा दिसत होते. पिपेटबाईंनी समोर पाहिलं. पाण्यातला मनोरा बुडबुड्यांच्या लाटांनी फाटून नुसत्या पिवळ्या चिंध्या झाला होता.

"हे तुम्ही कल्पनेने काढलंत?"

काकूंना अपमान झाल्यासारखं वाटलं. "कल्पनेने? वर्षभर मी या आरशाची वाट बघत होते! ते मेलं घरघरं यंत्र आल्यापासून पाणी एक दिवस स्थिर मिळालं नाही. आज येते तो काय, काच! मी देवाचे आभार मानले आणि भराभर कामाला लागले. खालचा मनोरा जवळजवळ झाला, फक्त पायथा राहिला, आणि घर्र! कुणीतरी आरसा फोडला. तोवर चांगलं उजाडलं होतं. जो कुणी असेल त्याचा दात मी भूल न देता काढेन."

"कोण होतं, दिसलं?"

"यंत्राच्या शेडकडे माझी पाठ नव्हती, पण नजरही नव्हती. मागच्या फाटकाचा आवाज मात्र आला. घर्र व्हायच्या जरा आधी. नंतरचं काही त्या घरघरीत ऐकू येणार थोडंच!"

पिपेटबाईंच्या अंगावर शहारा आला, तो प्रयोग जुळून येतो तेव्हाचा. त्यांनी काकूंचा रंगाने माखलेला हात हातात घेऊन जोराने हलवला.

"काय झालं एवढं?" काकू म्हणाल्या.

"तुमचा पायथा पुरा करू नका, चित्र असंच पुरावा आहे," बाई म्हणाल्या आणि शेडकडे निघाल्या. आज दुसऱ्यांदा धावत.

पहारेकरी पुढच्या फाटकावर असतो. मागच्या फाटकाने कोणीतरी आलं, यंत्र सुरू केलं आणि निघून गेलं, मासे सापडण्याच्या आधी. अधीक्षक तेव्हा महापौरांच्या अंगणात गाड्या लावत होते. मग दोन किल्ल्या एकत्र आल्या कशा?

६

शेडमध्ये उकडत होतं. स्विचची पेटी भिंतीवर होती, आणि तिच्या दाराभोवती जाड साखळी. साखळीला कुलुपं होती. दोन. एकावर महापालिकेचं चिन्ह, दुसऱ्यावर संस्थेचं पान.

वर्षभरात या कुलुपांबद्दल पिपेटबाईंनी इतकं ऐकलं होतं की ती कधी पाहायची गरज त्यांना वाटली नव्हती. बाकी कुणालाही वाटली नसावी. आता त्यांनी चष्मा पुसला आणि साखळीवरून बोट फिरवत नेलं, एका टोकापासून. साखळीचं हे टोक महापालिकेच्या कुलपात. महापालिकेच्या कुलपाची कडी संस्थेच्या कुलपाच्या कडीत. संस्थेचं कुलूप साखळीच्या दुसऱ्या टोकात.

त्यांनी बोट थांबवलं. मग त्या एकट्याच, उकाड्यात, हसायला लागल्या.

कुलुपं शेजारी शेजारी नव्हती. एकमेकांत गुंतवलेली होती, साखळीचेच आणखी दोन दुवे असल्यासारखी. अशा साखळीचा कुठलाही एक दुवा सुटला की सगळी साखळी सुटते. दोन मालकांच्या शेताला एकच फाटक असलं की कुलुपं अशीच लावतात, कुणाचं कुणावाचून अडू नये म्हणून. कलम लिहिणाऱ्यांनी लिहिलं, दोन कुलुपं असावीत. लावणाऱ्याने दोन लावली. कशी लावायची ते कुणी सांगितलं नव्हतं.

दोन किल्ल्या लागत नव्हत्या. कुठलीही एक पुरत होती.

आणि ज्याने एकदा आपलं कुलूप काढून पाहिलं असेल, त्याला हे ताबडतोब कळलं असणार. पण बोलणार कसं? बोललं तर एकट्याने हात लावल्याचं कबूल केल्यासारखं. म्हणून ज्याला कळलं तो गप्प बसला. ज्याला, किंवा ज्यांना.

हसू आलं तसंच गेलं. कारण सकाळपासून जे खटकत होतं ते आत्ता, या घरघरीत, त्यांना लख्ख ऐकू आलं. फोनवर, घरातून निघण्याच्या आधी, कुणीही काही विचारलेलं नसताना भाची म्हणाली होती: ब्लोअर चालूच आहे.

घरात बसून तिला कसं माहीत?

बाहेरून महापौरबाईंचा आवाज आला, खुर्चीवर चढून ओरडलेला. "दरवाजा उघडायची तयारी करा!"

७

"थांबा!"

पिपेटबाई इतक्या मोठ्याने ओरडू शकतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाकावरचा माणूस थबकला. महापौरबाई वळल्या. आरोग्य अधिकारी, अधीक्षक, भाची, गर्दी, सगळे वळले. पहारेकऱ्याच्या खोलीच्या खिडकीतून फवारणीशेठचंही तोंड बाहेर आलं.

"विष नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मोठे मासे, जिवंत पिल्लं, वर चढलेल्या गोगलगायी सांगितल्या. मीटरचे दोन आकडे सांगितले. आरोग्य अधिकारी स्वतः वाकून पिल्लं बघून आले आणि बांधावरून दोन पावलं मागे सरले.

"म्हणजे यंत्र बंद होतं," महापौरबाई म्हणाल्या. "आणि दोन कुलुपं?"

"कुठल्याही एका किल्लीने पेटी उघडते. कुलुपं एकमेकांत गुंतवलीत. चला, दाखवते."

गर्दीत कुजबुज उसळली. पिपेटबाईंनी फक्त दोन चेहऱ्यांकडे पाहिलं. गर्दीतल्या सगळ्या चेहऱ्यांवर आश्चर्य होतं. या दोनवर नव्हतं.

"आता बंद कुणी केलं. साहेब, काल माइकवर तुमची कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेली. फवारणीशेठने तुमचं गाणं उभं राहून ऐकलं. आज याच माइकवर महापौरबाईंचं बोलणं पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. माइक तोच आहे. यंत्र तेच आहे. काल संध्याकाळी यंत्र गप्प असल्याशिवाय ते गाणं कुणाला ऐकू येणं शक्य नाही."

अधीक्षकांच्या मिशा हलल्या. "तपासणीपुरतंच," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घरघरीत काही ऐकूच येईना हो. मी लगेच सुरू करणार होतो. तेवढ्यात खुर्च्या कमी पडल्याचा फोन आला. मी गेलो ते गेलोच. सकाळी आलो तर यंत्र चालू! मला वाटलं, मी सुरू केलं असणार. स्वतःची खात्री पटवली मी. खरं सांगतो, पटलीसुद्धा होती."

"सुरू तुम्ही केलं नाहीत," पिपेटबाई म्हणाल्या. "उजाडल्यावर कुणीतरी मागच्या फाटकाने आलं, यंत्र सुरू केलं आणि गेलं. तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. किल्ल्या दोनच आहेत."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य तयार होतं. लहानपणी या मुलीला त्यांनीच भिंगातून पहिला जिवंत थेंब दाखवला होता. वाक्य तोंडातच राहिलं, एक श्वास, दोन श्वास. चाकावरचा माणूस वाट बघत होता. त्यांनी तोंड उघडलं.

"मी," भाची म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी सुरू केलं. समारंभाआधी वाफे नीट करावेत म्हणून उजाडल्यावर मागच्या फाटकाने आले. यंत्र बंद होतं आणि कुलुपं जागच्या जागी. मला वाटलं, आमचंच यंत्र आपोआप बंद पडलं. आजच्या दिवशी! मी ते सुरू केलं, कपडे बदलायला घरी गेले. बांधाकडे गेलेच नाही, म्हणून मासे दिसले नव्हते. मग पहारेकऱ्याचा फोन आला." तिने पहारेकऱ्याच्या खोलीकडे पाहिलं. "आणि मी विष म्हणाले. सगळ्यांत आधी मीच म्हणाले."

"आणि तो माणूस कडीत बसला," महापौरबाई म्हणाल्या.

"तो माणूस अजून कडीतच बसलाय!" खिडकीतून आवाज आला. "आणि चहा नाहीच आला!"

कुणीतरी फिसकन हसलं. कडी निघाली. फवारणीशेठ ड्रम घेऊन बाहेर आला. भाची सरळ त्याच्यासमोर गेली आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. त्याने ड्रम खाली ठेवला. "उद्या दुसऱ्या कुणाला कोंडाल तेव्हा चहाचं बघा," एवढंच म्हणाला.

महापौरबाई भाची आणि अधीक्षकांकडे वळल्या. "तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या, "काल किंवा आज सकाळी एक फोन केला असता एकमेकांना, तर मला हे तळं रिकामं करायचा विचारही करावा लागला नसता. दरवाजा राहू दे. करार राहील, या तळ्याचा. बाकीच्या तळ्यांच्या सह्या आज नाहीत. हा उन्हाळा निभावून दाखवा, मग बघू. आणि ती दोन कुलुपं मला नकोत. यंत्राची जबाबदारी एकाच माणसाची. कुणाची?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. वर्षभरात पहिल्यांदाच, बहुधा.

"माझी," भाची म्हणाली.

"म्हणजे पुढच्या वेळी माइक तपासायला मला हिची परवानगी लागणार?" अधीक्षक म्हणाले.

"परवानगी नको. फोन करा. मी येते. गाणंही ऐकेन."

चाकावरचा माणूस खाली उतरला. पिशवीतून डबा काढून तो बांधावरच जेवायला बसला. लोक पांगू लागले. अधीक्षकांनी बाह्या सरसावल्या, कुठूनसं जाळं आणलं आणि मेलेले मासे काढायला पाण्यात उतरले. कुणी सांगितलं नव्हतं.

पिपेटबाई काठावर बसल्या. पाय दुखत होते. भाची येऊन शेजारी बसली.

"मावशी, मी बोलले नसते तर तू नाव घेतलं असतंस?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

भाचीने गुडघ्यांत डोकं घातलं. खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय, हे बाईंना कळेना. त्यांनी हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने मीटरची काडी पाण्यात सोडली.

"वर बघ," त्या म्हणाल्या. "आकडा चढतोय."